एकास पाच : टेकडीवरच्या रेघेचा हिशेब

पुण्यात टेकडीवर घर बांधता येईल की नाही, याचा निकाल बऱ्याचदा दोन आकड्यांवर लागतो. एकास पाच. आडवं पाच मीटर जाताना उभं एक मीटर चढावं लागत असेल, तर तो उतार एकास पाच. शंभर मीटरला वीस मीटर, म्हणजे २० टक्के. कोनाच्या भाषेत साधारण ११ अंश. डोळ्यांना हा उतार काही भयंकर वाटत नाही. हनुमान टेकडीवर सकाळी फिरायला येणारे सत्तरीतले आजोबा असा चढ राजकारणावर बोलत बोलत चढतात. पण महाराष्ट्रातल्या प्रादेशिक योजनांच्या नियमांत इथेच रेघ ओढलेली आहे. याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम करायचं नाही, आणि खोदून, भराव टाकून ती सपाटही करायची नाही.

हा उतार घरबसल्या ओळखता येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा काढलेल्या असतात. २० मीटर चढायला १०० मीटर आडवं अंतर लागत असेल, तर नकाशावर दोन रेषांमध्ये बरोबर दोन मिलिमीटर जागा उरते. रेषा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आल्या की उतार एकास पाचहून तीव्र झाला. शाळेतली पट्टी पुरते. आता त्याच नकाशावर पेन्सिलने टेकडीची हद्द आखा. अर्धा मिलिमीटर जाडीची ती रेघ प्रत्यक्ष जमिनीवर २५ मीटर रुंद होते. एवढ्यात एक बंगला, त्याचं अंगण आणि पुढचा रस्ता आरामात बसतो. शहराचे आराखडे याहून मोठ्या प्रमाणावर काढतात, तिथे रेघ बारीक होते, पण नाहीशी होत नाही. टेकड्यांवरचे बरेचसे तंटे या रेघेच्या जाडीत राहतात.

एवढ्या सौम्य दिसणाऱ्या उतारावर बंदी कशासाठी, हे समजायला घरापेक्षा रस्ता आधी पाहावा. डोंगराळ भागातला रस्ता शक्यतो पाच टक्के चढाचा असावा, फार तर सहा-सात, असा आपल्याकडचा रस्तेबांधणीचा दंडक आहे. माणूस २० टक्के चढेल. सिमेंटचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि अग्निशमनाचा बंब यांना ते जमणार नाही. वीस मीटर उंची गाठायला पाच टक्क्यांच्या रस्त्याला ४०० मीटर लांबी लागते, टेकडी मात्र १०० मीटरच देते. मग रस्ता उताराला आडवा घ्यावा लागतो, वळणं द्यावी लागतात, आणि प्रत्येक आडव्या पट्ट्यात वरची बाजू खोदून खाली भराव टाकावा लागतो. घराचंही तेच. १५ मीटर रुंदीची इमारत बसवायची, तर एकास पाच उतारावर तिच्या वरच्या आणि खालच्या कडेत तीन मीटरचा, म्हणजे एका मजल्याचा फरक पडतो. तो फरक कोणी तरी जेसीबीने काढतो. टेकडीवर चार घरं झाली म्हणताना प्रत्यक्षात चार घरं, दोन वळणं, एक संरक्षक भिंत, पाण्याची टाकी आणि विजेचे खांब झालेले असतात.

दख्खनचा डोंगर थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थंड झाले. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही सच्छिद्र, भोकाभोकांचे. घट्ट थर उभा कडा धरून राहतो, सच्छिद्र थर झिजून त्याचा मुरूम होतो आणि सौम्य उतार तयार होतो. म्हणून आपल्या टेकड्या दुरून पायऱ्यांसारख्या दिसतात. अधूनमधून दोन लोटांच्या मध्ये लाल मातकट थर सापडतो. पावसाचं पाणी भेगांतून आणि मुरमातून खाली उतरतं, घट्ट किंवा लाल थराशी अडतं आणि आडवं सरकत टेकडीच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. बावधनसारख्या भागात इमारतींच्या गर्दीतही असे झरे टिकून आहेत.

बांधकामाला सोयीची जागा नेमकी मुरमाच्या उतारावर, खालच्या अंगाला असते. पाणी झिरपतं तेही तिथेच. पायथा खणला की वरच्या मुरमाचा आधार जातो. भराव टाकलेली माती मूळ जमिनीइतकी दाबून बसत नाही, एका मोठ्या पावसात ती पाणी पिऊन जड होते आणि घसरते. ओढ्याची सुरुवात तर टेकडीवर इतकी किरकोळ दिसते, की वर्षातले आठ महिने ती कोरडी घळ कुणाच्या नजरेत भरत नाही. ती बुजवायला दोन डंपर राडारोडा पुरतो.

त्याचा परिणाम पुण्याने दोनदा तरी धडधडीत पाहिला आहे. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज बोगद्याच्या पलीकडे शिंदेवाडीजवळ पहिल्याच जोरदार पावसात सातारा रस्त्यावर पाण्याचा लोंढा आला आणि एक आई आणि तिची लहान मुलगी त्यात वाहून गेल्या. वरच्या अंगाला डोंगरफोड झाली होती, ओढ्याची वाट बुजली होती; पाण्याने महामार्गाची वाट धरली. शिंदेवाडी तेव्हा पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. महापालिकेच्या आराखड्यातली टेकड्यांची बंधनं तिथे लागूच नव्हती आणि प्रादेशिक योजनेच्या नियमांवर लक्ष ठेवायला माणसं नव्हती. हद्दीबाहेरचा हा परिसर सांभाळणारं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण त्यानंतर, २०१५ मध्ये स्थापन झालं. दुसरी घटना २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीची. कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर या भागांत घरात झोपलेल्या, गाडीत अडकलेल्या माणसांचे जीव गेले. पुणे आणि परिसरात मिळून मृतांचा आकडा वीसच्या वर गेला. ओढ्याकाठच्या अतिक्रमणांची चर्चा पुष्कळ झाली, ती योग्यच होती. वरच्या पाणलोटातला किती उतार आता पाणी मुरवत नाही, याची चर्चा त्यामानाने कमी झाली.

याच कात्रजच्या पाण्यावर एके काळी शहर जगत होतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून ते शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नव्हता, वीज नव्हती. डोंगराचा उतार हीच ऊर्जा. टेकडी हा आपल्या पाणीपुरवठ्याचा भाग आहे हे त्या काळच्या कारभाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नसावं.

आधुनिक पुण्याला ते कायद्यात लिहावं लागलं. १९८७ च्या विकास आराखड्यात शहरातल्या टेकड्या ‘डोंगरमाथा-डोंगरउतार’ विभागात टाकल्या गेल्या. नगररचना खात्यात आणि वर्तमानपत्रांत सगळे त्याला हिलटॉप-हिलस्लोप असंच म्हणतात. पर्वती-तळजाई, चतुःशृंगीपासून वेताळ टेकडीपर्यंतचा पसारा, रामटेकडी अशा जागा एव्हाना इमारतींनी गिळल्या कशा नाहीत, असं नव्याने आलेला पाहुणा विचारतो, त्याचं मोठं उत्तर या विभागात आहे. वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर उंचीवर, शहर त्याच्याखाली सव्वादोनशे-अडीचशे मीटर. चहूकडे शहर वाढलं, माथा मोकळा राहिला.

मात्र या विभागात बांधकाम शून्य नव्हतं. प्लॉटच्या चार टक्के बांधायला परवानगी होती. चार टक्के ऐकायला फार सोज्ज्वळ वाटतात, म्हणून हिशेब करू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे चार टक्के १६२ चौरस मीटर, साधारण १,७४० चौरस फूट. ऐसपैस बंगला झाला. एका गुंठ्यावर मात्र ४३ चौरस फूट, म्हणजे न्हाणीघर. त्यामुळे चार टक्क्यांचा नियम मोठी जमीन असलेल्याला बंगला देतो आणि गुंठा घेऊन बसलेल्या माणसाला बेकायदा ठरवतो. आणि रस्ता, भिंत, टाकी यांचा हिशेब त्या चार टक्क्यांत कुठेच दिसत नाही. रस्त्याचं गणित वर केलंच आहे; टेकडीचं खरं नुकसान तिथे होतं.

१९९७ मध्ये पुण्याची हद्द वाढली. त्या वेळी घेतलेल्या गावांपैकी २३ गावं अखेर महापालिकेत राहिली. बाणेर, बावधन, वारजे, धनकवडी, कात्रज अशा या गावांबरोबर नव्या टेकड्याही आल्या. त्यांचा आराखडा करताना महापालिकेने २००५ मध्ये वेगळा मार्ग धरला. सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकायचं, बांधकाम अजिबात नाही. याला सगळे बीडीपी म्हणतात. माजी महापौर वंदना चव्हाण आणि ग्रीन पुणे मूव्हमेंटमधले कार्यकर्ते या मागणीसाठी वर्षानुवर्षं झटले. त्यांच्या विरोधात चार टक्क्यांचा, कधी दहा टक्क्यांचा आग्रह धरणारे होते. ९७८ हेक्टरचे चार टक्के म्हणजे ३९ हेक्टर बांधकाम. तेही विखुरलेलं, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र रस्ता मागणारं. राज्य सरकारने दहा वर्षं निर्णय घेतला नाही. आराखड्याचे बाकीचे भाग तुकड्यातुकड्यांनी मंजूर होत गेले, टेकड्या तेवढ्या मागे राहिल्या. अखेर २०१५ च्या ऑगस्टमध्ये बीडीपी मंजूर झाला, शून्य बांधकामासह.

विभाग आणि आरक्षण हे दोन शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि टेकड्यांच्या सगळ्या भांडणाची गाठ या दोहोंतल्या फरकात आहे. विभाग म्हणजे जमीन तुमचीच, फक्त तिच्यावर काय करता येईल हे शहर ठरवतं. शेती विभागात कारखाना नाही, निवासी विभागात गोदाम नाही, तसं डोंगरउतारावर चार टक्क्यांपलीकडे इमारत नाही. याबद्दल भरपाई देण्याची रीत नाही. आरक्षण म्हणजे ही जमीन सार्वजनिक कामाला लागणार आहे, सबब ती ताब्यात घ्यावी लागेल आणि मोबदला द्यावा लागेल. आरक्षणाला मुदतीचीही काळजी असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या अवधीत संपादन सुरू झालं नाही तर आरक्षण रद्द समजलं जातं. विभागाला असं वय नसतं.

म्हणजे १९८७ च्या टेकड्या विभाग म्हणून राहिल्या आणि २३ गावांच्या टेकड्या आरक्षण झाल्या. पहिल्यांत मालकाला थोडं बांधता येतं आणि मोबदला नाही. दुसऱ्यांत काहीच बांधता येत नाही आणि मोबदला आहे. तो किती? आठ टक्के टीडीआर. एक एकर टेकडी महापालिकेला दिली तर सुमारे ३२४ चौरस मीटरचा हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो, जो दुसरीकडे वापरायचा किंवा बिल्डरला विकायचा. जानेवारी २०१६ च्या टीडीआर धोरणात गावठाणाबाहेरच्या साध्या आरक्षित जमिनीला क्षेत्रफळाच्या दुप्पट हक्क देऊ केला गेला. म्हणजे शाळेसाठी एक एकर देणाऱ्याला ८,००० चौरस मीटरच्या वर, आणि टेकडीसाठी देणाऱ्याला ३२४. पंचवीसपट फरक. टेकडीच्या जमिनीवर मुळातच फारसं बांधता आलं नसतं, त्यामुळे तिची किंमत सपाट जमिनीइतकी धरता येत नाही, हा सरकारी युक्तिवाद चुकीचा नाही. तरीही बावधन-बाणेरच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर त्याच्या बांधाच्या पलीकडच्या सपाट वावराचे कोट्यवधी झाले आणि याच्या टेकडीचं उद्यान झालं. टेकडी राखल्याचा फायदा खालच्या लाखोंनी घ्यायचा आणि खर्च वरच्या मोजक्या सातबाऱ्यांवर टाकायचा, अशी ही मांडणी आहे. आठ टक्क्यांवर खुशीने जमीन देणारे फार निघाले नाहीत, याचं मला नवल वाटत नाही.

महापालिका जमीन घेत नाही, मालक देत नाही, अशा अवस्थेत टेकडी कोणाचीच राहत नाही. तिथे मग टेकडीफोड शिरते. पद्धत साधारण ठरलेली. पायथ्याशी पत्र्याची शेड, मग मुरूम काढण्याच्या निमित्ताने जेसीबी, रात्रीचे डंपर. पावसाळ्यापर्यंत एक सपाट पट्टा तयार होतो. त्याचे गुंठे पाडून नोटरीच्या कागदावर विकले जातात. घेणारा बहुतेक वेळा रिक्षा चालवणारा, कंपनीत कंत्राटी काम करणारा असतो, आणि सातबारा पाहून खूश होतो, कारण सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव आणि पीक असतं, हिलटॉप-हिलस्लोप असं काही लिहिलेलं नसतं. ते कळायला महापालिकेतून झोन दाखला काढावा लागतो. भाग नकाशावर त्या सर्व्हे नंबरचा कोणता तुकडा कोणत्या रंगात आहे ते पाहावं लागतं, कारण टेकडीची हद्द सर्व्हे नंबरच्या हद्दीने जात नाही. एकाच नंबरचा खालचा अर्धा निवासी आणि वरचा अर्धा टेकडी, असं सर्रास असतं.

याहून हुशारीचा प्रकार म्हणजे आधी फोडायचं आणि मग मोजायचं. उतार एकास पाचहून तीव्र असेल तर बंदी, ठीक. पण मोजणी कधीची? फोडून सपाट केलेल्या जागेची आज मोजणी केली तर ती एकास पन्नास निघेल. म्हणून मूळ उताराची नोंद, जुन्या समोच्च रेषा, तारखेसह उपग्रह छायाचित्र यांना या कायद्यात मोजपट्टीइतकंच महत्त्व आहे. मोजणीची रीतही निकाल फिरवते. आख्ख्या प्लॉटचा सरासरी उतार धरला तर वरचा सपाट माथा खालच्या कड्याला सांभाळून घेतो आणि सगळंच बांधण्याजोगं दिसतं. दर वीस-पंचवीस मीटरच्या चौकटीत वेगळा उतार काढला, तर कडा कडाच राहतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी होय-नाहीची एकच रेघ न ठेवता उतार वाढेल तशी एकरी घरांची संख्या कमी करत नेण्याची पद्धत काढली. आपल्याकडे ती चालेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे सरकता आकडा म्हणजे सरकवता येणारा आकडा. एकास पाच ओबडधोबड असेल, पण पट्टी घेऊन बसलेल्या सामान्य नागरिकालाही तो तपासता येतो.

हाँगकाँगने डोंगरांच्या शिरोरेषेसाठी निराळाच नियम केला. शहरातल्या ठरलेल्या जागांवरून पाहिल्यावर शिरोरेषेखालचा २० ते ३० टक्के पट्टा इमारतींनी झाकला जाऊ नये, असं तिथलं मार्गदर्शक तत्त्व आहे. पुण्यात बंधन टेकडीवर आहे, तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यावर नाही. त्यामुळे टेकडी शाबूत आणि दिसेनाशी, असा प्रकार पाषाण-बाणेरकडे चालू आहे. गोव्यात नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम १७ अ मध्ये परवानगीशिवाय डोंगर कापणं हाच वेगळा गुन्हा केला आहे. बांधकामाची वाट न पाहता जेसीबीवरच बोट ठेवणारी ही कल्पना चांगली. तरी गोव्यातले कापलेले लाल डोंगर पाहिले की अंमलबजावणीबद्दल वेगळं लिहायची गरज उरत नाही.

टेकड्यांची चर्चा निघाली की माळीणचं नाव येतंच. ३० जुलै २०१४ च्या त्या दरडीत दीडशेच्या वर माणसं गेली. पण माळीण हे सह्याद्रीच्या कुशीतलं जुनं गाव. तिथे बिल्डर नव्हता, झोनही नव्हता. निसर्गतः सुटू शकणाऱ्या दरडीखाली वसलेल्या वाड्यांचं काय करायचं, हा पुनर्वसनाचा आणि पूर्वसूचनेचा प्रश्न आहे. शहराच्या उतारावरचा नियम त्याला पुरा पडत नाही, आणि माळीणची भीती दाखवून शहरातल्या उतारावरच्या झोपडपट्ट्या तेवढ्या उठवायच्या, वरच्या बंगल्यांकडे पाहायचं नाही, हेही योग्य नाही. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत माणसं हौसेने राहायला गेली नाहीत.

खासगी मालकाला दाखवली जाणारी रेघ सरकार स्वतःला नेहमी लावून घेत नाही. वेताळ टेकडीच्या अंगावरून जाणारा बालभारती-पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालचे बोगदे अनेक वर्षं कागदावर आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. टेकडीप्रेमींना वाहतुकीची कोंडी दिसत नाही असा टोमणा त्यांना मिळाला. कोंडी सगळ्यांनाच दिसते. पण टेकडीला रस्ता लागला की पुढच्या मागणीला निमित्त मिळतं, ही त्यांची शंका शहराचा इतिहास पाहता अनाठायी नाही.

टेकडी राखणं म्हणजे झाडं लावणं, असाही एक सोपा समज आहे. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ, विरळ झाडांच्या. सालई, मेडशिंगी, गणेर यांच्या. त्यांवर गिरिपुष्पाची एकसुरी हिरवाई लावून जैवविविधता उद्यान होत नाही. फोटो मात्र छान येतो.

बीडीपीच्या मंजुरीला २०२५ मध्ये दहा वर्षं झाली, म्हणजे कलम १२७ च्या नोटिशीचं घड्याळ वाजायची वेळ. त्याच वर्षी राज्य सरकारने बीडीपी आणि हिलटॉप-हिलस्लोप या दोन्हींचा फेरविचार करायला अभ्यासगट नेमला. दोन्हींना एकच नियम लावावा, ही मागणी आता जोरात आहे. एकच नियम म्हणजे दोन्हीकडे शून्य बांधकाम, की दोन्हीकडे चार टक्के, हे मागणी करणारे चटकन सांगत नाहीत. शून्य ठेवायचं असेल तर आठ टक्क्यांचा आकडा वर न्यावा लागेल किंवा रोख पैसे मोजावे लागतील, आणि ते पैसे शेवटी खालच्या सपाट पुण्यातल्या मिळकतकरातूनच यायचे आहेत.